चर्चा: पणजीचा महापौर मतदारांनी थेट निवडावा का?

मांडवीकाठ:
पणजी महापालिकेत 30 प्रभाग असून महापौराची निवड नगरसेवक आपल्यातूनच, अवघ्या एका वर्षासाठी करतात. एवढ्या मुदतीत एकच अर्थसंकल्प हाती लागतो आणि पावसाळा सरेपर्यंत पुढच्या निवडीची जुळवाजुळव सुरू होते. इतर पालिकांतील नगराध्यक्षांवर अविश्वास ठराव येणे तर आपल्या अंगवळणीच पडले आहे. महापौर आणि नगराध्यक्ष पाच वर्षांसाठी थेट निवडावेत, असे माझे मत आहे. त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही, कारण अध्यक्षाच्या निवडीची पद्धत ठरवणे कलम 243-आरने राज्याच्या विधिमंडळावरच सोपवले आहे.

फोंडेकर:
आपले म्हणणे पटले नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये थेट नगराध्यक्ष आणले, 2020 मध्ये ती पद्धत मोडली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. सत्तेबरोबर पद्धतही बदलत असेल, तर ती सुधारणा नागरिकांसाठी होती असे कसे म्हणावे? शिवाय नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, अशी ओढाताणही तिथे झाली. आणि मुळात महापौराच्या हातात आहे काय? आयुक्त राज्य सरकार नेमते, नगरनियोजन राज्याच्या खात्याकडे आणि पीडीएकडे (नियोजन व विकास प्राधिकरणाकडे) आहे, स्मार्ट सिटीची कामे वेगळ्या कंपनीकडे गेली. उरतो तो सोपो (बाजारातल्या विक्रेत्यांकडून घेतला जाणारा कर), बाजारातले गाळे आणि कचरा.

मांडवीकाठ:
निवडणूक थेट झाल्याने अधिकार आपोआप येत नाहीत, हे मान्य. परंतु पालिकांकडे सोपवता येणारे, घटनेच्या बाराव्या परिशिष्टातील 18 विषय पालिकेकडे द्या, ही मागणी रेटणार कोण? 16 नगरसेवकांच्या मर्जीवर टिकलेला महापौर ते धाडस करणार नाही. महापालिकेचे काही प्रभाग ताळगाव मतदारसंघात येतात, म्हणजे सर्व 30 प्रभागांतून निवडून आलेल्या महापौराचा मतदार पणजीच्या आमदाराच्या मतदारसंघाबाहेरही असेल. (ही सुधारणा कोणालाच नको असते, त्याचे कारण बहुधा हेच: आमदाराला असा प्रतिस्पर्धी नको.)

मडगावचा वाचक:
इंग्लंडमध्ये 2012 साली 10 शहरांत यावर सार्वमत झाले, तेव्हा एकट्या ब्रिस्टलने थेट महापौराच्या बाजूने कौल दिला आणि 2022 मध्ये त्याच शहराने ते पद रद्द करण्यासाठी मत दिले. लंडनमध्ये मात्र 2000 पासून ही पद्धत टिकून आहे. त्यामुळे सरसकट होकार किंवा नकार देणे कठीण वाटते.

फोंडेकर:
माझी अडचण पाच वर्षांच्या मुदतीची आहे. निवडलेला माणूस निकामी निघाला तर त्याला हटवायचे कोणी? नगरसेवकांनी हटवायचे म्हटले, तर आपण पुन्हा जुन्याच ठिकाणी येतो. मध्य प्रदेशाच्या कायद्यात थेट निवडलेल्या अध्यक्षाला मतदारांनीच परत बोलावण्याची तरतूद होती आणि त्या मतदानाला लोक ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ (रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची) म्हणत. आपल्या प्रस्तावात तेवढे कलम घाला, मग मी माझा विरोध मागे घेईन.