व्हर्जिनियात शिकणाऱ्या मुलासाठी रडार डिटेक्टर घ्यावा का? मदत हवी आहे, रविवारच्या आत

अबोली_एडिसन (बुधवार, सकाळ)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा २० वर्षांचा, ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकमध्ये शिकतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी शनिवारी घरी येताना आय-८१ महामार्गावर, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या जरा अलीकडे, त्याला तिकीट मिळालं. मर्यादा ताशी ६५ मैलांची, हा ८२वर. चूक त्याचीच आहे, दंड भरू. पण आता त्याने वाढदिवसाला रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार ओळखून वाजणारं यंत्र, मागितलाय आणि त्याचे बाबा जवळजवळ तयार झालेत. चांगला घ्यायचा म्हटलं तर चारशे ते सहाशे डॉलर जातात. मला पैशांची नाही, वेगळीच काळजी लागली आहे.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याचा डिटेक्टर दोन दिवस वापरून बघायला दिला. काल संध्याकाळी आम्ही तिघं रूट १ आणि मग आय-२८७ वरून फिरून आलो. लेक चालवत होता, मी मागे वही घेऊन बसले. वाजला की वेळ आणि जागा लिहायची. एक तास दहा मिनिटांत २३ वेळा वाजला. कधी दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे, कधी शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉटचे (आरशात न दिसणारी गाडी ओळखणारे) सेन्सर. पोलिसांची गाडी एकदाच होती. ती दिसायच्या दहा-बारा सेकंद आधी मात्र तो खरोखर बोलला. बाबा एकदम खूश.

मी वहीत आणखी एक गोष्ट लिहीत होते. मागच्या मधल्या सीटवरून स्पीडचा आकडा दिसतो. डिटेक्टर वाजला की लेकाचा पाय वर. गप्प झाला की दोन-तीन मिनिटांत ६५चे ७४, मग ७६. असं तीनदा झालं. विचारलं तर म्हणाला, "आई, मी कुठे वाढवला?" खोटं बोलत नव्हता. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

तर तिकीट टाळायला याचा खरंच किती उपयोग होतो? आणि व्हर्जिनियात बंदी आहे म्हणतात, मग गाडीत नुसता ठेवला तर चालतो का? तो रविवारी परत निघतोय. अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

खडकवासला

ताई, आधी त्या २३ वेळांबद्दल. पोलिसांची रडार गन मुख्यतः के बँड, म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, किंवा केए बँड, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ, इथे चालते. ब्लाइंड स्पॉटचे बरेच सेन्सर आणि दुकानांचे दरवाजे २४च्याच आसपास असतात. बिचाऱ्या डिटेक्टरला लहर कळते, पाठवणारा कोण ते कळत नाही. केए वाजला तर मात्र गांभीर्याने घ्यावं.

डिटेक्टर मुळात चालतो कसा, तर गनची लहर गाडीवर आपटून परत गनपर्यंत पोचावी लागते, डिटेक्टरला ती एकाच दिशेने ऐकायची असते. म्हणून गनला तुमचा वेग कळायच्या बऱ्याच आधी याला चाहूल लागते. पण हे पोलीस गन सतत चालू ठेवून बसले असतील तर. हल्ली ट्रूपर (हायवेवरचे राज्य पोलीस) गन तयार ठेवतात आणि गाडी टप्प्यात आली की बटण दाबतात. पुढे दुसरी गाडी असेल आणि आधी तिच्यावर मारली तरच तुम्हाला इशारा. रस्त्यावर एकटे असाल तर डिटेक्टर वाजतो तेव्हा तुमचा आकडा लिहून झालेला असतो.

लेझर गन त्याहून वाईट. हजार फुटांवर त्याचा झोत जेमतेम तीन फूट रुंद असतो, नंबर प्लेटवर नेम धरून मारतात आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग मिळतो. ८०च्या वेगाने गाडी सेकंदाला ११७ फूट जाते. त्या वेळात माणूस काय करणार? शिवाय पोलीस नुसते मागे राहून आपल्या स्पीडोमीटरवरून वेग मोजतात तेव्हा पकडायला लहरच नसते.

रिचमंडकर

व्हर्जिनियाचं मी सांगतो, १४ वर्षं इथे आहे. बंदी खरी आहे, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी दोन्हीकडे. चालू होता की बंद, हे पोलिसांना सिद्ध करावं लागत नाही, गाडीत आहे एवढं पुरतं. सुटका एकच: त्याला वीजपुरवठा नसावा आणि चालवणारा किंवा सोबतचा कुणी, यांच्या हाताशी तो नसावा. म्हणजे वायर काढून डिकीत. आणि लपवून लावेन म्हणत असेल तर त्याला सांगा, डिटेक्टरमधूनही बारीक लहरी बाहेर पडतात आणि त्या पकडणारी यंत्रं इथल्या पोलिसांकडे आहेत.

आता नकाशा बघा. आय-८१ चे मेरीलँडमध्ये १२ मैल, वेस्ट व्हर्जिनियात २६. विंचेस्टरच्या वर व्हर्जिनिया लागलं की ख्रिस्तियन्सबर्गच्या ११८ नंबरच्या एक्झिटपर्यंत दोनशे मैल. त्याच्या रस्त्याचा सगळ्यात लांब तुकडा डिटेक्टर डिकीत ठेवूनच जायचाय.

आणि हे नीट वाचा. व्हर्जिनियात मर्यादेच्या २० वर किंवा ८५च्या पुढे गेलात तर ते साधं तिकीट नसतं, रेकलेस ड्रायव्हिंग लागू शकतं. ७०च्या पट्ट्यात ८६ म्हणजे फक्त १६ जास्त, तरीही. तो क्लास १ मिस्डिमीनर, फौजदारी गुन्हा. कमाल शिक्षा बारा महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. बहुतेकांना एवढी होत नाही, पण कोर्टात उभं राहावं लागतं आणि दोषी ठरलं तर नोंद राहते. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना तर पुढे फॉर्मवर ते लिहावं लागतं. लेक ८२ने चालवत होता म्हणता. व्हर्जिनियातही तसाच आला असेल तर नशीब म्हणायचं.

रात्रीचा_प्रवासी

थोडं वेगळं मत. मी आठ वर्षं वापरतोय, कामासाठी ओहायो-पेनसिल्व्हेनिया सतत जाणं असतं. उपयोग होतो. जीपीएस असलेला घेतला तर दरवाज्यांचे रोजचे खोटे इशारे तो जागेनिशी लक्षात ठेवून गप्प बसतो. रात्री मोकळ्या रस्त्यावर बऱ्याचदा मैलभर आधी मामांचा पत्ता लागलाय. पण मी मर्यादेच्या सात-आठ वरच असतो, उतारावर लक्ष नसताना वाढला तर आठवण म्हणून. विसाव्या वर्षी मी असा वापरला असता का, सांगता येत नाही. वेझ हे अॅप फुकट आहे, त्यात पोलीस कुठे आहेत ते इतर चालक नोंदवतात; आय-८१ वर ट्रकवाले आणि विद्यार्थी भरपूर, नोंदी चांगल्या येतात. आधी तेवढं करा.

औंध_पुणे

भाच्यासाठी मीही इकडे चौकशी केली होती. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आता कमानींवर कॅमेरे आहेत, दोन कमानींमधल्या वेळावरून सरासरी वेग निघतो. तिथे रडार शोधणारं यंत्र काय करणार? १०० म्हणजे १००.

अबोली_एडिसन (गुरुवार, रात्र)

सगळ्यांचे मनापासून आभार. रिचमंडकर, तुमचा प्रतिसाद लेकाला मोठ्याने वाचून दाखवला. "८६ म्हणजे फक्त १६ जास्त" इथे तो गप्पच झाला. मग म्हणाला, येताना व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या खाली एका उतारावर आपण ८८वर होतो. ताट हातात होतं माझ्या, ते खाली ठेवलं.

डिटेक्टर परत देतोय. बाबांना थोडं वाईट वाटलं, रात्रीचा_प्रवासींचं म्हणणं त्यांना पटलं होतं. घेतलाच तर त्यांच्या गाडीसाठी घेऊ, लेकाच्या नाही. रविवारी पहाटे चारला निघून मोकळ्या रस्त्याने पळवायचा बेत होता, आता आठला निघेल आणि क्रूझ कंट्रोल (वेग ठरावीक ठेवणारी सोय) लावून जाईल असं त्यानेच ठरवलंय. मी वेझ घालून दिलं.

आता दुसरी मदत हवी. तिकिटावर दहा दिवसांत उत्तर द्या असं आहे, त्यातले पाच गेले. भरून टाकलं तर न्यू जर्सीच्या लायसन्सवर दोन पॉइंट येतील असं कळलं, आणि गाडीचा विमा आमच्या नावावर आहे. चूक नाकारायची नाहीये, तो वेगात होता. पण हियरिंगला जाऊन, आधी एकही तिकीट नाही हे सांगितलं तर कलम सौम्य करून देतात का? पेनसिल्व्हेनियात कुणी स्वतः गेलं आहे का? वकील न करता?