महापौरांची सभा क्लबहाउसमध्ये की शाळेच्या मैदानावर? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-७०१ गोखले काका: सेक्रेटरी साहेब, लिफ्टमधली नोटीस वाचली. "महापौरांचा परिसरातील रहिवाशांशी संवाद, रविवार संध्या. ५.३०, क्लबहाउस." हे कुणी ठरवलं? मागच्या मीटिंगला मनपा शाळेचं मैदान ठरलं होतं. इतिवृत्तात आहे.

सेक्रेटरी: काका, चर्चा झाली होती, ठराव नव्हता. मैदान म्हणजे परवानग्या, मांडव, धूळ. क्लबहाउस आपलं आहे, पंखे आहेत, माईक आहे. महापौर कार्यालयातून जागा विचारली, मी कळवली. 🙏

ए-७०१ गोखले काका: पंखे आहेत, जागा आहे का? हॉल १,२०० चौ. फूट. १५ बाय ८ चा मंच काढला की उरले १,०८०. मधली वाट धरून एका खुर्चीला ७ चौ. फूट लागतात. म्हणजे १५४ खुर्च्या. फ्लॅट आपलेच ११२. आणि दार एक, साडेतीन फुटी, तेही मंचाच्या बाजूला. गडबड झाली तर दीडशे माणूस महापौरांच्या अंगावरून बाहेर पडणार.

सी-१०२ शेख मॅडम: नोटिशीत "परिसरातील रहिवासी" लिहिलंय. मग मागच्या वस्तीतले, कोपऱ्यावरचे दुकानदार, समोरच्या जुन्या बिल्डिंगमधले भाडेकरू कसे येणार? गेटवर वॉचमन विचारणार कुणाकडे, मग फोन करणार, मग ॲपवर मंजुरी. चार जण त्यातूनच परत जातील. महापौर सगळ्या शहराचे आहेत.

डी-३०४ पाटील: येऊ देत की सगळे, पण गाड्या कुठे लावणार? आधीच व्हिजिटर पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी महिनाभर उभी आहे. ज्यांची आहे त्यांना माहितीये.

डी-५०१: पाटील, नाव घेऊन बोला.

बी-२०३ साठे काकू: जागा कुठलीही घ्या. प्रश्नांचा माईक खाली लोकांत हवा, मंचावर नको.

सेक्रेटरी: गाडीचा विषय वेगळा. प्लीज.

बी-६०४ देशमुख: आपल्या माईकबद्दल सांगतो. क्लबहाउसचं छत ९ फूट, फरशी गुळगुळीत, पडदे नाहीत. आवाज भिंतींवर आपटून परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मग ऑपरेटर आवाज कमी करतो आणि चौथ्या रांगेच्या मागे काही कळत नाही. मैदानावर हा त्रास नाही, तिथला वेगळा आहे. मांडववाले पुढे दोन आणि मागे दोन भोंगे लावतात. आवाजाला २० मीटर जायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे मागच्यांना एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. उपाय साधा आहे. भोंगे नकोत. मंचाच्या दोन बाजूंना ७ फुटी स्टँडवर उभे स्पीकर, माईकच्या पुढे, माईक त्यांच्या मागे. शेवटची खुर्ची २५ मीटरच्या आत. तेवढ्यात ३०० लोक आरामात बसतात.

ए-७०१ गोखले काका: हेच म्हणतोय मी.

ई-४०२ कदम: शनिवारवाड्यासमोर घ्या ना मग! पुण्याच्या सभा तिथेच व्हायच्या.

सी-१०२ शेख मॅडम: कदम सर, तिथे सगळ्या पुण्याची सभा. आपल्याला बोलायचंय ते आपल्या गल्लीतल्या ड्रेनेजबद्दल. शिवाय तो संरक्षित वाडा, साधा मांडव घालायचा तरी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागेल. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहही मी तपासलं. रविवारी संध्याकाळी नाटकं असतात, तारखा कधीच्या गेलेल्या.

ई-४०२ कदम: बरं बरं. चहा कोण देणार तेवढं सांगा.

डी-५०१: चहा पांढऱ्या गाडीवाले देतील. 😊 पाटील, तुम्हीही या, वहिनींना घेऊन.

बी-२०३ साठे काकू: चहा नंतर. माईक खाली हवा.

सेक्रेटरी: मैदानाच्या परवानग्यांचं कुणीच बोलत नाहीये. अर्ज सोसायटीच्या नावाने गेला की डिपॉझिट, नुकसान, पोलीस, सगळं माझ्या डोक्यावर. मी हे काम नोकरी सांभाळून करतो.

बी-६०४ देशमुख: साहेब, तुमचा त्रास आम्हाला दिसतो. म्हणूनच अर्ज सोसायटीच्या नावाने नको. शाळा मनपाची, कार्यक्रम महापौरांचा. क्षेत्रीय कार्यालयानेच (वॉर्ड ऑफिसने) आयोजक व्हावं, आपण फक्त विनंतीपत्र द्यायचं. मैदान त्यांचं, मांडव त्यांच्या ठेकेदाराचा. पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरचा अर्जही त्यांच्याच पत्राने जाऊ दे. आवाजाची मर्यादा लेखी घ्या. लोकवस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि मैदानाच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढंच. शाळेचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित आहे का, तेही ठाण्यातच विचारून घ्या. रविवारी शाळा बंद आहे म्हणून तो नियम आपोआप सुटत नाही.

ए-३०३ जोगळेकर: आणि दहावीची मुलं? परीक्षा चालू आहेत. सोमवारी पेपर.

बी-६०४ देशमुख: त्यासाठीच साडेपाचला सुरू, सातला बंद. स्पीकरची तोंडं शाळेच्या इमारतीकडे, तुमच्या विंगकडे नाहीत.

सी-१०२ शेख मॅडम: सगळ्यात मोठी गोष्ट राहतेय. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. महापौर मुख्यसभा चालवतात, पाठपुरावा करू शकतात, पण पाइप बदलायचा आदेश स्वतः काढत नाहीत. एकटे आले तर भाषण होईल आणि "बघतो" म्हणून जातील. पत्रात लिहा की सहायक आयुक्त आणि पाणी, ड्रेनेज, पथ (रस्ते) या तिन्ही खात्यांचे कनिष्ठ अभियंते हजर हवेत, वहीसकट. प्रत्येक प्रश्नापुढे नाव, इमारत, खातं आणि उत्तराची तारीख. ती वही क्षेत्रीय कार्यालयात राहील, फोटो इथे. क्लबहाउसमध्ये ओळखीच्या माणसांपुढे कुणी तारीख मागत नाही. तीनशे लोकांपुढे मागतात.

ए-७०१ गोखले काका: अगदी बरोबर. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे आपल्याला टाकी असल्याने जाणवत नाही. मागच्या वस्तीत जाणवतं. ते लोक समोर असायला हवेत.

डी-३०४ पाटील: हे मान्य. गाडीचं मागे घेतो, सेक्रेटरी साहेब. मैदानाला दोन गेटं आहेत. पूर्वेचं मोठं, पण उंबऱ्याला ६ इंच पायरी. व्हीलचेअरला एकास बारा उतार धरा, म्हणजे ६ फुटी फळी. आमच्या साइटवर चेकर्ड प्लेट पडून आहे, आणून ठेवतो. पश्चिमेचं गेट सपाट आहे पण कुलूप असतं.

ई-४०२ कदम: मंच कुठल्या बाजूला? या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो. पश्चिमेला मंच ठेवला तर सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन आणि मंचावरचा चेहरा काळा. दक्षिणेच्या भिंतीला ठेवा, तिथे वडाची सावलीही आहे.

सेक्रेटरी: आणि धूळ?

डी-३०४ पाटील: दोन तास आधी एक टँकर शिंपडायचा. प्रक्रिया केलेलं पाणी मागा, पिण्याचं नको. कार्यक्रमाच्या तोंडावर मारलं तर चिखल होतो आणि खुर्च्यांचे पाय रुततात.

ए-५०२ नेने: मी फोनवरून लाइव्ह करतो, म्हणजे कुणाला यायलाच नको.

बी-२०३ साठे काकू: नेने, लाइव्ह कर, पण त्याच्या जोरावर गर्दी कमी करू नको. कमेंटमधला प्रश्न वाचणारा निवडतो. मी तिसऱ्यांदा सांगते: प्रश्नांचा माईक खाली हवा. मंच २ फूट उंच, लाकडी पायऱ्या. गुडघे दुखणारी बाई वर चढत नाही, गप्प बसते. दोन कॉर्डलेस माईक, नव्या सेलचे, एक बायकांच्या बाजूला. माईक आपल्या हातात धरून फिरवणारी मुलगी हवी, पुढाऱ्याचा माणूस नको.

सेक्रेटरी: काकू, लिहिलं. पत्रात तिसरा मुद्दा. क्लबहाउसची नोटीस काढतो, जागा बदलल्याचं महापौर कार्यालयाला कळवतो. उद्या ११ वाजता क्षेत्रीय कार्यालयात मी आणि देशमुख. शेख मॅडम, अभियंत्यांचं कलम तुम्ही लिहून द्या. मागच्या वस्तीत आणि दुकानांत चिठ्ठ्या कोण वाटणार?

सी-१०२ शेख मॅडम: मी आणि साठे काकू. मराठी आणि हिंदी दोन्ही. चिठ्ठीवर "गेटवर नाव सांगायची गरज नाही" हे मोठ्या अक्षरात.

डी-५०१: पांढरी गाडी माझ्या मेव्हण्याची आहे. शनिवारी हलवतो. पाटील, फळी आणायला टेम्पो लागला तर सांगा.

डी-३०४ पाटील: लागेल. पश्चिमेच्या गेटची किल्ली शाळेच्या शिपायाकडे असते, रविवारी तो गावाला जातो. शनिवारी दुपारीच घ्यावी लागेल.