फोनवरची मुलाखत: गप्प बसलो तर 'हॅलो हॅलो', बोललो तर गाडी थांबत नाही

केळीवाला_यावल

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. ॲग्री झालोय, घरी तीन एकर केळी आहे. ठिबकच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरसाठी अर्ज टाकला होता. परवा भर दुपारी विहिरीवर मोटरचा फ्यूज बघत होतो आणि फोन वाजला. मला वाटलं चुलतभाऊ दुसऱ्या सिमवरून करतोय. म्हटलं, "हां, बोल भो." तर पलीकडे एचआरच्या मॅडम. "दहा मिनिटं बोलता येईल का?" मी घाम पुसत म्हणालो, हो.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर दहावीच्या टक्क्यांपासून निघालो तो बहिणीच्या लग्नापर्यंत पोचलो. मग एक सर लाइनवर आले. "सहा बाय पाच फुटांवर एकरी किती झाडं?" दरवर्षी लावतो हो आम्ही! पण आकडा काही आठवेना. मनात हिशेब मांडत होतो, तोवर सर "हॅलो? हॅलो?" करायला लागले. "ड्रिपर चोक झाले तर?" म्हणजे ठिबकची थेंब सोडणारी तोंडं बुजली तर. म्हटलं, साफ करू. पगार? म्हटलं, तुम्ही द्याल तो. "कळवतो" म्हणाले आणि ठेवला.

आता दुसऱ्या एका कंपनीचा फोन शुक्रवारी सकाळी ११ ला ठरलाय. काय करू? शिवाय माझ्या तोंडी ळ चा य होतो, केळीला केयी म्हणतो. मित्र म्हणतो आधी ते सुधार.

भुसावळची_लेक

मी पुण्यात हेच काम करते, पोरांना फोन लावायचं. त्यामुळे पलीकडून कसं ऐकू येतं ते सांगते.

विहिरीवर असताना 'हो' म्हणायची काही गरज नव्हती. "शेतात आहे, अर्ध्या तासाने बोललो तर चालेल का?" एवढं म्हणायचं. मला असं कोणी म्हटलं की उलट बरं वाटतं. वाऱ्यात आणि मोटरीच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही.

झाडांच्या प्रश्नावर तू हिशेब करत होतास, पण ते त्या सरांना दिसणार कसं? समोरासमोर असता तर बोटं मोडताना, वर बघताना दिसला असतास. फोनवर फक्त शांतता जाते, आणि शांतता म्हणजे एक तर लाइन गेली नाहीतर पोराला येत नाही. म्हणून हिशेब तोंडाने कर. "एकराचे ४३,५६० चौरस फूट, एका झाडाला सहा पंचे तीस, म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास." नेमके १,४५२ निघतात, पण साडेचौदाशे म्हटलास तरी पुरे. तू आकडा पाठ केलेला नाहीस, काढलास, हे त्यांना कळलं.

चोकचंही तसंच. "साफ करू" हे बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. आधी त्यांनाच विचार, पाणी कसलं आहे. क्षाराचं असेल तर ॲसिड ट्रीटमेंट, शेवाळ असेल तर क्लोरीन, गाळ असेल तर फिल्टर धुवून लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या नळ्यांची, शेवटची टोकं उघडून फ्लश. हे तू घरच्या बागेत केलं असशीलच ना? मग "आमच्याकडे असं झालं होतं" म्हणून सांग. माझ्या कानाला पुस्तकातलं उत्तर आणि हाताने केलेलं उत्तर लगेच वेगळं कळतं. कागदावरून वाचलेलंही कळतं बरं का, पान उलटल्याचा आवाज येतो!

स्वतःबद्दल चार वाक्यं: शिक्षण, शेत, काय काय हाताळलंस, हीच नोकरी का. मग थांब. पोरांना थांबायची भीती वाटते, म्हणून बहिणीचं लग्न निघतं. पगाराचं म्हणशील तर वर्गातल्या दोघा-तिघांना विचारून आकडा ठरव, तो सांग आणि मग गप्प बस. "पण कमी असला तरी चालेल" हे शेपूट लावू नकोस.

आणि केयी! अरे, मी घरी अजून डोया म्हणते. २०१८ पासून आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, त्यांच्या कवितेत ठायी ठायी हेच. तुला बोलायचंय रावेर-यावलच्या शेतकऱ्यांशी, तिथे ही बोली येते हे स्वतःहून सांग. फक्त आकडे सावकाश बोल. दीड आणि अडीच फोनवर फार घोळ घालतात.

तापीकाठचा_काका

ताईंनी सगळं सांगितलं. माझं एवढंच, घराच्या आसपास नेटवर्क कुठे येतं ते गुरुवारीच ११ वाजता उभं राहून बघ. आणि घरच्यांना सांगून ठेव. माझ्या पोराच्या मुलाखतीत त्याची आई मागून "भाकर थंडी होऊन राहिली" म्हणून ओरडली होती.

केळीवाला_यावल

झाला फोन. गच्चीवर टाकीच्या सावलीत बसलो होतो. झाडांचं विचारलंच नाही, व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, युरिया कसा सोडतो ते विचारलं. घरचंच सांगितलं, मध्येच केयी पण येऊन गेली. पलीकडचे सर हसले आणि म्हणाले, चालू द्या.

पगाराचा आकडा सांगितला आणि ताईंच्या शब्दाप्रमाणे गप्प बसलो. तिकडेही शांत. मी पण हटलो नाही, चांगला मिनिटभर. मग मोबाइल बघितला तर रेंजच गेलेली. पुन्हा फोन आला, आकडा पुन्हा सांगावा लागला.