शब्दचर्चा : अविश्वासू, अविश्वासी, नास्तिक; आणि विश्वास 'ठेवणे' की 'बसणे'

प्रश्न (इंदूर, रामबाग)

शेजारच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. माझे यजमान देव मानत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाळकसाहेबांनी पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हटलं, "भाईसाहब अविश्वासी हैं, पर हर बार आते हैं." प्रेमानंच म्हणाले, कुणाला काही वाटलं नाही. घरी येऊन सासूबाईंना हे मराठीत सांगताना माझ्या तोंडून 'अविश्वासू' निघालं आणि त्या भडकल्याच, "माझ्या मुलानं कुणाचा विश्वासघात केला?" मग मराठीत नेमकं म्हणायचं काय? निघताना पाळकसाहेब म्हणाले, "विश्वास करके तो देखिए." यजमान एवढंच म्हणाले, "करूं कैसे?" हे नुसतं शब्दांचं भांडण आहे का?

उत्तर (इंदूर)

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. 'अविश्वासी' हा हिंदी बायबलमधला शब्द. तिथे विश्वासी म्हणजे विश्वास ठेवणारा. मराठीत विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो. एक मनुष्य विश्वास देणारा, दुसरा तो मिळवणारा. त्यामुळे मराठीत अविश्वासू म्हटलं की थेट चारित्र्यावर शिंतोडा उडतो. मराठी ख्रिस्ती मंडळी 'विश्वासणारे' असं रूप वापरतात. त्यांच्या बोलण्यात ते रुळलंय, बाहेर फारसं ऐकू येत नाही.

नास्तिक शब्दाची गंमत नाही, अडचण आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका त्याचा अर्थ परलोकाशी जोडते: परलोक आहे असं मानणारा आस्तिक, नाही म्हणणारा नास्तिक. मनुस्मृतीत (२.११) तर्काच्या आधारानं श्रुतिस्मृतींचा अवमान करणारा, वेदनिंदक तो नास्तिक. दोन्हीकडे ईश्वर हा शब्दच नाही. पाणिनीच्या मापानं पाळकसाहेब आस्तिक, मनूच्या मापानं नास्तिक. उलट मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतले) कुमारिल भट्ट जगाचा कर्ता नाकारतात आणि तरी पक्के आस्तिक, कारण वेद मानतात. आजच्या मराठीत नास्तिक म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ पक्का झालाय आणि तो वापरायला हरकत नाही. काटेकोर हवं असेल तर निरीश्वरवादी.

पण मला स्वतःला (मीही न मानणाराच) तुमच्या यजमानांचा प्रतिप्रश्न या सगळ्या नामांपेक्षा मोलाचा वाटतो. मराठीत विश्वास दोन क्रियापदांबरोबर चालतो. विश्वास ठेवणे, आणि विश्वास बसणे. ठेवतो तो मी. बसतो तो विश्वास, मी नाही. 'माझा विश्वास बसला नाही' या वाक्यात बोलणाऱ्याकडे कर्तेपणच नाही. 'पटणे' हे तर त्याहून स्पष्ट: मला पटलं, मला पटत नाही. पटवणारी गोष्ट समोर यावी लागते, मग ते घडतं. मी ठरवून एखादी गोष्ट पटवून घेऊ शकत नाही.

ख्रिस्ती आवाहन जवळजवळ नेहमी 'ठेवा' या रूपात येतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य थोमा याची कथा आहे (२०:२४ पासून). तो म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठवड्यानं येशू येतो, हात पुढे करतो, आणि शेवटी म्हणतो की न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य. मला ही कथा वाचताना दर वेळी थोमाची बाजू घ्यावीशी वाटते. त्यानं मागितलं ते वाजवी होतं, आणि त्याला ते मिळालं. बाकी सगळ्यांना मात्र त्याच्यासारखं मागू नका असं सांगितलं जातं. जिथे 'बसणं' थोमाच्या वाट्याला आलं, तिथे आमच्या वाट्याला फक्त 'ठेवणं' का?

फ्रेंच विचारवंत पास्कालला ही अडचण कळली होती. त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांत तो पैजेचा युक्तिवाद मांडतो: देव असेल तर मानणाऱ्याचा अपार लाभ, नसेल तर तोटा फारसा नाही. पण लगेच समोरचा म्हणतो, माझी घडणच अशी आहे की मला मानताच येत नाही. पास्कालचं उत्तर असं की मानत असल्यासारखं वागायला लाग, पवित्र पाणी घे, मिस्सा (चर्चमधली उपासना) करव, हळूहळू येईल. प्रामाणिक उत्तर आहे. पण सवयीनं बसलेला विश्वास कोणत्याही देवाच्या बाजूनं बसतो. वीस वर्षं पंढरीची वारी केली तर विठ्ठलावर बसेल. त्यानं खरंखोटं ठरत नाही.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)

इंग्रजीतल्या ॲपॉलॉजेटिक्सला, म्हणजे आपल्या धर्ममताची युक्तिवादानं बाजू मांडण्याला, मराठीत काय म्हणावं? आमच्याकडे एकानं भाषांतरात 'क्षमायाचनाशास्त्र' लिहिलेलं पाहिलं.

उत्तर (इंदूर)

ते चूक आहे. मूळ ग्रीक अपोलोगिया, म्हणजे आरोपीनं न्यायसभेत केलेला बचाव. अथेन्समध्ये इ.स.पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसानं केलं ते अपोलोगिया, आणि त्यात त्यानं माफी मुळीच मागितली नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) हाच शब्द आहे: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा. मराठीत समर्थन चालेल, पण आपल्याकडे याहून जुना, तयार शब्द आहे, मंडन. खंडनाच्या जोडीचा.

मंडनाची अट अशी की निष्कर्ष आधी ठरलेला असतो. परीक्षेत तो ठरलेला नसतो. हा फरक आपल्या माळव्याच्या इतिहासात अगदी जवळून दिसतो. १८३९ मध्ये जॉन म्यूर या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यानं ख्रिस्ती मताच्या बाजूनं संस्कृतात एक ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिलं 'मतपरीक्षा'. खऱ्या धर्माच्या खुणा त्यानं सांगितल्या, त्यात चमत्कार ही एक. त्याला त्याच वर्षी सोमनाथ या नावानं संस्कृतात उत्तर निघालं. हा सोमनाथ म्हणजे सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू असं अभ्यासक मानतात. सुबाजी बापू म्हणजे कोणी डोळे मिटून पोथी धरणारे गृहस्थ नव्हेत. १८३६ मध्ये त्यांनीच मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहून पुराणांतल्या भूगोलापेक्षा सिद्धान्तज्योतिषाची, म्हणजे गणिती खगोलशास्त्राची, बाजू घेतली होती. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे यांनीही म्यूरला ग्रंथरूपानं उत्तर दिलं. पुढे १८४८ मध्ये ते स्वतःच ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले.

म्यूरच्या ग्रंथाच्या नावात परीक्षा आहे, पण आत मंडन आहे, असं मला वाटतं. चमत्कार ही खूण धरली तर ती सगळ्यांना सारखी लावावी लागेल. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि कोरड्या निघाल्या, ही कथा आपण सगळे ऐकून आहोत. तिथे साक्ष कुणाची आहे? खुद्द तुकोबांची. देवानं पाण्यात कागद राखले असं त्यांच्याच अभंगात आहे. मी हे इतिहास म्हणून मानत नाही. माझे ख्रिस्ती मित्रही मानत नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारे ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेते झाले. त्यांनाही त्या वह्यांच्या आधारावर देहूला थांबावंसं वाटलं नाही. मग कोरड्या वह्या नाकारताना जे कारण पुरतं, ते येशूच्या रिकाम्या कबरीला का पुरू नये? मला या प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि बहुतेक मंडनग्रंथ नेमके इथेच दुसरीकडे वळतात.

प्रतिसाद (बडोदे)

मी ख्रिस्ती आहे, घरात मराठीच बोलतो. आपण सभ्यपणे लिहिताय म्हणून उत्तर देतो. एक, चारही शुभवर्तमानं ही साक्ष आहे. पौल करिंथकरांना लिहितो की पुनरुत्थित प्रभू पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला, आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत. दोन, विश्वास म्हणजे विधान मान्य करणं नव्हे. विश्वास म्हणजे भरवसा. मूल आईच्या कडेवर झेप घेतं तेव्हा ते पुरावा मागत नाही.

उत्तर (इंदूर)

दादा, मनापासून आभार. दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला खरोखर सुंदर वाटतो आणि अर्धा मान्यही आहे. भरवसा हा शब्द तुम्ही अचूक निवडलात. पण मूल झेप घेतं तेव्हा आई समोर असते. तिच्या असण्याबद्दल प्रश्न नसतो, ती झेलेल की नाही एवढाच असतो. 'तिच्यावर विश्वास आहे' आणि 'ती आहे यावर विश्वास आहे' ही मराठीत दोन वेगळी वाक्यं आहेत. मी अडलोय ते दुसऱ्यापाशी. पहिल्याची ऊब दाखवून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

आता साक्ष. हा शब्द मराठीत कोर्टातही राहतो आणि चर्चमध्येही. प्रार्थनासभेत कुणी उठून साक्ष देतं तेव्हा लोक डोळे पुसतात, आणि ते खरे असतात. कोर्टात साक्षीनंतर उलटतपासणी होते. न्यायसूत्रांत (हा न्याय कोर्टातला नव्हे, तर्काचं जुनं दर्शन) शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश, आणि त्यावरच्या भाष्यात आप्त कोण? ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आणि जशी जाणली तशी सांगायची त्याची इच्छा आहे तो. शुभवर्तमानकार लूक आपल्या पहिल्याच ओळींत सांगतो की ज्यांनी सुरुवातीपासून पाहिलं त्यांच्याकडून आमच्यापर्यंत हे आलं. म्हणजे तो स्वतः पाहणारा नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. सर्वांत जुनं मानलं जाणारं मार्काचं लेखन साधारण इ.स. ७० च्या सुमाराचं, वधस्तंभाची घटना साधारण ३० ची. त्यातही चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्क १६:८ ला थांबतो: बायका कबरीपासून पळतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. येशू पुन्हा दिसल्याच्या पुढच्या ओळी तिथे नाहीत.

पौलाचं पत्र याहून जुनं आहे, घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. त्या पाचशेंचा उल्लेख मला सगळ्यांत विचार करायला लावतो. पण ते पाचशे साक्षीदार नव्हेत. पाचशे साक्षीदार होते असं सांगणारा तो एक साक्षीदार आहे. त्यांतल्या एकाचंही नाव नाही, गाव नाही, शब्द नाही. करिंथहून कुणी त्यांना विचारायला निघालं असतं तर कुठे जाणार होतं?

प्रतिसाद (बडोदे)

हे 'एक साक्षीदार' मी मनात ठेवलंय. पेत्र आणि याकोब यांना पौल स्वतः भेटला होता, गलतीकरांच्या पत्रात आहे. ज्या यादीत पाचशेंचा उल्लेख आहे, त्याच यादीत त्यांची नावंही आहेत. तेवढं जमेला धरा.

उत्तर (इंदूर)

धरतो. ते दोघं पौलाच्या ओळखीचे होते, तेव्हा त्यांना काहीतरी अनुभव आला असं ते सांगत होते, इथपर्यंत माझा विश्वास बसतो. अनुभव आला यावरून मेलेला माणूस उठला इथपर्यंत बसत नाही.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलं. सासूबाईंना सांगताना 'ते देव मानत नाहीत' एवढं पुरे. पाळकसाहेबांना यजमानांनी हिंदीतच सांगावं, "करना अलग है, होना अलग. मुझे होता नहीं." हिंदीतही ही दोन क्रियापदं आहेत, त्यांना लगेच कळेल. आणि इथल्या हिंदी पेपरांतला 'आस्था' हा शब्द मराठीत या अर्थानं आणू नका. मराठीत आस्था म्हणजे कळकळ, आपुलकी, आणि ती यजमानांना त्या घराबद्दल भरपूर दिसते.