हायॉइड बोटानं शोधायचं की प्रोबनं?

भूलतज्ज्ञांच्या ग्रुपवरचा, टोपणनावांनी रंगलेला वाद: जागेपणी श्वासनळीत नळी घालण्याआधी घसा बधिर करायचा, तर सुईसाठी गळ्यातलं हायॉइड हाड बोटानं चाचपायचं की सोनोग्राफीच्या प्रोबनं बघायचं?

कंदी पेढा: "प्रोब न लावता सुपीरिअर लॅरिंजिअल ब्लॉक (स्वरयंत्राच्या वरची नस बधिर करणारं इंजेक्शन) देणं म्हणजे निष्काळजीपणा." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. पेशंटचं तोंड गुटख्यानं जेमतेम एक बोट उघडतंय, मान बारीक, हायॉइडचं टोक बोटाला आपसूक लागतं. पलीकडून हायॉइड आपल्याकडे ढकला, 25 गेजची सुई टोकाला टेकवा, हाडावरून खाली घसरवा, ओढून बघा. हवा आली तर सुई घशात, रक्त आलं तर आर्टरीत. दोन्हीत मागे या. बधिर करायचं औषध 2 टक्के लिग्नोकेन, 2 मिली, दोन्हीकडे. प्रोबचं काय काम?

खणभाग: पोस्ट माझीच. बारीक मानेवर सगळेच शूर! रेडिएशननं लाकूड झालेली मान घ्या, तिथं काय चाचपणार? लिनिअर प्रोब उभा धरला की हायॉइड आणि थायरॉइड कार्टिलेजमधला पडदा दिसतो. नर्व्ह बहुतेकदा दिसत नाही, कबूल. पण आर्टरी कलर डॉपलरवर, रक्त रंगात दाखवतं त्यावर, दिसते, औषध पडद्यावर पसरताना दिसतं. श्वास अडलाच तर जिथं छेद द्यायचा, त्या क्रिकोथायरॉइडची खूणही आधीच करता येते. ती मान मागे टाकूनच करा, नंतर उशी हलवली की कातडीवरची खूण सरकते.

मिरज फाटा: मशीन कुठून आणू, ते सांगा. फ्रीलान्स भूलतज्ज्ञ सकाळी कराडला, दुपारी कोरेगावला. पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्यात, सोनोग्राफी मशीन नोंदणीच्या जागेला बांधलेलं. डिकीत टाकून नेलं की सील. बघायची मान आणि कायदा गर्भलिंगाचा!

खणभाग: कायदा उगाच नाही आला. हॉस्पिटलला मशीन नोंदवायला लावा.

मिरज फाटा: दहा खाटांचं हॉस्पिटल महिन्यातून एका ब्लॉकसाठी फायली आणि तपासण्या गळ्यात घालून घेईल? इथं बोलणं सोपं आहे, साहेब.

कृष्णाकाठ: कायद्यावर भांडून झालं असेल तर डोस मोजा. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीची 2019 ची लिग्नोकेनची मर्यादा लीन (चरबी वगळून) वजनाच्या किलोमागे 9 मिग्रॅ. 45 किलोला 405. नेब्युलायझर 4 टक्के 4 मिली म्हणजे 160, दोन ब्लॉकचे 80, ट्रान्सट्रॅकिअल (सुईनं थेट श्वासनळीत) 4 टक्के 3 मिली 120, वर 10 टक्के स्प्रेचे दहा फवारे 100. झाले 460. प्रोब असो वा बोट, जास्त डोसनं फिट येणारच नाही असं कोण म्हणेल? ब्लॉक बसला की स्प्रे हातात कशाला? आणि लाळ आटवणारं ग्लायकोपायरोलेट आधी द्या, ओल्या तोंडात लिग्नोकेन लाळेबरोबर वाहून जातं.

कंदी पेढा: बेरीज पटली. लाकडी मानेला प्रोब, तेही चला, मशीन जागेवर असेल तर. "निष्काळजी" मागे घ्या.

खणभाग: घेतला. बारीक मानेपुरता.

मिरज फाटा: आणि मशीनचं?