मदत हवी आहे : .३७५ रायफलचा धक्का आणि ट्रिगरवरची दचक

.३०८ रायफलवर माझे नेम १०० मीटरवर नीट बसतात. तिच्याहून बराच जास्त धक्का देणारी .३७५ एच अँड एच मॅग्नम रायफल घेतली की चौथ्या-पाचव्या गोळीपासून नेम खाली घसरतो. मित्राने मला न सांगता मधे डमी (न उडणारं) काडतूस भरलं, तेव्हा कळलं: ट्रिगर सुटायच्या आधीच डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते.

.३७५ रायफल स्कोपसह (नेमाच्या दुर्बिणीसह) साधारण ४.२ किलो, गोळी ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅम). दस्ता माझ्या मापाचा आहे, स्कोप भुवईला लागत नाही. प्लग आणि वर इअरमफ असे दोन्ही वापरतो. टेबलावर वाकून बसण्याऐवजी उभं राहून मारलं तर खांदा बराच कमी दुखतो, पण दचक जात नाही. रोज रिकाम्या रायफलवर ट्रिगरचा सराव करतो, तिथे क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) हलतही नाही!

मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी लावायचा, धक्का कमी करणारा भाग) नको, शेजारी उभ्या माणसाच्या कानांचे हाल होतात. काडतुसं घरी भरत नाही, त्यामुळे कमी दारूचा हलका लोड करणं जमणार नाही. जनावर जखमी होऊन निसटावं असं मला अजिबात नकोय, म्हणून हे सुटेपर्यंत शिकार बंद.

ज्यांची अशी दचक खरंच गेली, त्यांनी सांगा: काही आठवडे .३७५ पूर्ण बाजूला ठेवून जवळजवळ धक्का नसलेल्या .२२ रायफलवर परतलात, की रोज .३७५ च्याच दोन-तीन गोळ्या मारत राहिलात?