'ऊष्मादायी' : अधिक की वजा?

प्रश्न

माझा भाचा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता. आता बारावीचं रसायनशास्त्र इंग्रजी पुस्तकातून शिकतो आणि एन्थॅल्पी बदलाची, म्हणजे स्थिर दाबाला अभिक्रियेत किती उष्णता आली-गेली याची, गणितं माझ्याकडे घेऊन येतो. आकडेमोड बरोबर असते, चिन्ह मात्र दर वेळी उलटं. काल विचारलं, "एक्झोथर्मिक म्हणजे काय रे?" लगेच म्हणाला, "ऊष्मादायी. मावशी, उष्णता मिळते ना, म्हणून अधिक." चूक गणिताची नाही, शब्दाची आहे असं मला वाटतं. 'दायी' नक्की कोणाच्या बाजूने बोलतो? शिवाय 'ऊष्मा' ऱ्हस्व की दीर्घ? आणि एन्थॅल्पीला आपला शब्द असावा का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या भाच्याने शब्द नीट ऐकला आणि म्हणूनच तो चुकला. फलदायी, सुखदायी, आरोग्यदायी, अगदी क्लेशदायीसुद्धा. या सगळ्या शब्दांत आपलं लक्ष घेणाऱ्याकडे असतं. आरोग्यदायी हवा म्हटल्यावर हवेचं काय कमी झालं हे कोणी विचारत नाही. रसायनशास्त्र नेमकं तेच विचारतं. 'दायी' दा धातूवरून, देणारा. उलट शब्द ऊष्माग्राही, त्यातला 'ग्राही' ग्रह् धातूवरून, घेणारा. आपला ग्राहक त्याच घरचा. देणारी आणि घेणारी अभिक्रिया आहे, म्हणून वहीसुद्धा अभिक्रियेचीच उघडायची. दिलं की वजा, घेतलं की अधिक.

मी वर्गात चुन्याचं उदाहरण घेत असे. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी खदखदायला लागतं, हे भिंतींना चुना लावणाऱ्या पिढीने पाहिलेलं आहे. निर्मिती एन्थॅल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ घडतानाचा बदल, किलोज्यूल प्रतिमोलमध्ये अशा : कळीचा चुना वजा ६३५.१, द्रव पाणी वजा २८५.८, तयार होणारं कॅल्शिअम हायड्रॉक्साइड वजा ९८६.१. उत्पादितातून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करा : वजा ९८६.१ मधून वजा ९२०.९ गेले, उरले वजा ६५.२. म्हणजे एका मोलमागे, ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यामागे, अभिक्रियेने ६५.२ किलोज्यूल देऊन टाकले.

ते गेले कुठे? भोवतालच्या जादा पाण्यात. एक लिटर पाणी असेल आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर ते साधारण साडेपंधरा अंशांनी तापेल. कॅलरीमापीच्या, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्याच्या, गणितात मुलं इथेच अडकतात. वस्तुमान गुणिले विशिष्ट ऊष्माधारकता गुणिले तापमानातला फरक, हे उत्तर पाण्याच्या वहीतलं असतं आणि अधिक असतं. डेल्टा एच, म्हणजे एन्थॅल्पीतला बदल, लिहिताना अभिक्रियेच्या वहीत यायचं, म्हणून चिन्ह फिरवायचं. मोलने भागायलाही विसरू नये.

प्रतिसाद २

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. संस्कृतात ऊष्मन् आणि उष्मन् ही दोन्ही रूपं आहेत. मराठीत दोन्ही चालतात, पण एका वहीत एकच ठेवावं. उष् म्हणजे जाळणे, त्यातूनच उष्ण. व्याकरणात श, ष, स यांना 'ऊष्मे' म्हणतात, तोही हाच शब्द : उच्चारताना श्वास घासून बाहेर पडतो, त्याची ऊब.

प्रतिसाद ३

मला 'ऊष्मादायी'पेक्षा 'प्रमाण' जास्त घातक वाटतो. प्रमाण म्हणजे मापदंड, प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे दोन गोष्टींचं गुणोत्तरही. 'प्रमाण (स्टँडर्ड) निर्मिती एन्थॅल्पी' वाचून माझ्या मुलीने आकड्यांचं गुणोत्तर काढायला घेतलं होतं. तिला 'प्रमाणभाषा' आणि 'प्रमाणवेळ' आठवून दिली, तेव्हा उलगडलं. इथे प्रमाण म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली स्थिती. त्या स्थितीतल्या मूलद्रव्याचा आकडा शून्य. कार्बनसाठी तो मान ग्रॅफाइटला आहे. हिऱ्याला अधिक १.९.

आणि पाणी द्रव की वाफ, हे वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नये. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. एक मोल मिथेन जाळून पाणी द्रवरूपात मिळालं तर वजा ८९०.३, वाफ राहिली तर वजा ८०२.३. दोन मोल पाण्यामागे ८८ किलोज्यूलचा फरक पडतो.

प्रश्नकर्ती

खूप उपयोग झाला. आता आणखी एक. बंध एन्थॅल्पी दिली की सूत्र उलटं होतं, अभिक्रियाकारक वजा उत्पादित. भाचा म्हणतो, "एकदा असं, एकदा तसं, मग पाठच करतो."

प्रतिसाद १

पाठ करू देऊ नका, शब्द वाचायला लावा. 'निर्मिती' हा घडवण्याचा हिशेब आहे. बंध एन्थॅल्पी हा मोडण्याचा, म्हणून मी तिला 'बंध तोडण्याचा खर्च' म्हणत असे. जुने बंध तोडायला खर्च, नवे जुळताना परतावा. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड होतं ते घ्या, आकडे किलोज्यूलमध्ये : हायड्रोजन ४३६, क्लोरीन २४२, एकूण ६७८ खर्च. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळले, ८६२ परत. ६७८ वजा ८६२, वजा १८४. निर्मितीच्या आकड्यांनी करून पाहा : वजा ९२.३ चे दोन, वजा १८४.६. वाट कुठलीही घ्या, बदल तोच. हा रसायनशास्त्रज्ञ हेस यांचा १८४० चा नियम.

प्रतिसाद ४

एन्थॅल्पी मूळ ग्रीक. 'एन' म्हणजे आत, 'थाल्पेइन' म्हणजे ऊब देणे. हा शब्द डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांचा, छापील लेखनात १९०९ पासून. 'अंतरूष्मा' करता येईल, कानाला गोडही लागेल, पण मी करणार नाही. एन्थॅल्पीत आंतरिक ऊर्जेबरोबर दाब गुणिले आकारमान हेही धरलेलं असतं आणि 'अंतरूष्मा' ऐकून मुलं ती वस्तूत साठलेली उष्णता समजतील. परका शब्द परकाच राहू द्या, 'दायी' आणि 'ग्राही' मात्र जपा.

प्रश्नकर्ती

आज संध्याकाळी कल्हईसाठी आणलेला नवसागर पेलाभर पाण्यात विरघळवून भाच्याच्या हातात दिला. पेला गार लागला. त्याने वहीत 'ऊष्माग्राही, अधिक' लिहिलं. मग पेल्याकडे बघून म्हणाला, "मावशी, म्हणजे पाण्याच्या वहीत वजा?"